हायड्रोफोन आवाजाची जागा चुकीची दाखवतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

खाडीत किंवा धक्क्यालगत चार हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) सोडले, नोंद स्वच्छ आली, सॉफ्टवेअरने नकाशावर ठिपकाही टाकला, पण होडी समोरून जात असताना ठिपका मागच्या खाजणात. ही तक्रार वारंवार येते आणि बहुतेक वेळा तिची कारणं तीच ती असतात. इथे धरलेली मांडणी अशी: पाणी ५ ते १५ मीटर खोल, चार साधे पिझो (दाब पडला की वीज देणारे) हायड्रोफोन. ते एकतर एका चौकटीवर १ ते ३ मीटर अंतराने बांधलेले आणि एकाच रेकॉर्डरला जोडलेले, किंवा २०-५० मीटरवर वेगवेगळे सोडलेले आणि प्रत्येकाचा रेकॉर्डर स्वतंत्र. शोध डॉल्फिनच्या शिळेचा असो, इंजिनाचा असो की माशांच्या आवाजाचा, तपासणी तीच.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असू द्या. आवाजाची जागा निघते ती तो किती मोठा ऐकू आला यावरून नाही, तर एका हायड्रोफोनपाशी तो दुसऱ्यापेक्षा किती आधी पोचला यावरून. त्यामुळे कमी ऐकणारा हायड्रोफोन फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो व्यवस्थित ऐकणारा, पण वेळ चुकीची सांगणारा. हायड्रोफोन सदोष असला तरी चालतं. दोष केवढा आहे हे माहीत असावं आणि तो रोज बदलू नये.

खालचे आकडे २८ अंश सेल्सियस आणि ३५ क्षारतेच्या (किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ) समुद्राच्या पाण्यासाठी आहेत. तिथे ध्वनिवेग सेकंदाला साधारण १५४१ मीटर असतो. रेकॉर्डर ९६ किलोहर्ट्झवर धरला आहे, म्हणजे एक सॅम्पल (आवाजाची एक मोजणी) १०.४ मायक्रोसेकंदांचं, अंतरात १६ मिलिमीटर.

लक्षणं

ठिपका सेकंदासेकंदाला उड्या मारतो, आता इथे तर आता ऐंशी मीटर पलीकडे: सॉफ्टवेअर चुकीचं शिखर (दोन नोंदी ज्या वेळफरकाला सर्वांत जुळतात तो आलेखातला उंचवटा) उचलतंय, किंवा कोळंबीची चटचट मध्ये येतेय.

आवाज कुठूनही येवो, ठिपका मांडणीच्या मधोमध किंवा दोन हायड्रोफोनच्या लंबदुभाजकावरच: विजेची गुणगुण.

ठिपका आरशात पाहिल्यासारखा उलट बाजूला: हायड्रोफोन एका सरळ रेषेत आहेत, किंवा दोन चॅनेल (रेकॉर्डरवरचे एकेका हायड्रोफोनचे मार्ग) एकमेकांच्या जागी लागले आहेत.

सकाळी बरोबर, दुपारपर्यंत हळूहळू सरकत गेलेला: वेगवेगळ्या रेकॉर्डरची घड्याळं. चौकट दोरीवर असेल तर भरतीचा प्रवाहही.

समोरचं बरोबर, बाजूचं चुकलेलं: ध्वनिवेग.

होडीचा जाड, खालच्या पट्टीतला आवाज चुकतो पण दगडाची टकटक बरोबर येते: केबल किंवा कनेक्टरमध्ये पाणी. हे लक्षण ओळखायला सगळ्यात उशीर लागतो.

दिशा बरोबर, अंतर मात्र कधी ६० मीटर तर कधी ४००: हा बहुधा दोष नाहीच. शेवटी पाहू.

पहिली तपासणी: नोंद ऐका, चॅनेल ओळखा

खर्च शून्य. रेकॉर्डरवर ऑटो गेन, लिमिटर, नॉइज रिडक्शन बंद आहे ना ते बघा. फाइल डब्ल्यूएव्हीच हवी. एमपी३ करताना चॅनेलमधला बारीक वेळफरक मोडतो. कानाला काही कळत नाही, गणिताला कळतं. लाटेचे माथे सपाट कापले गेले असतील तर गेन कमी करून पुन्हा नोंदवा. कापलेल्या लाटेतून वेळ काढायला जाऊ नका.

मग हायड्रोफोन पाण्याबाहेर काढून क्रमाने प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलच्या रबराकडच्या टोकाने हलकेच टकटक करा आणि ती कोणत्या चॅनेलवर उमटते ते लिहून ठेवा. केबलवर रंगीत टेप लावलेली असली तरी हे करा. टेप लावणारा एक, केबल जोडणारा दुसरा आणि सॉफ्टवेअरमध्ये जागा भरणारा तिसरा, असं झालं की दोन चॅनेल अदलाबदल होतातच.

त्याच बैठकीत पोलॅरिटी (लाट सरळ उमटते की उलटी) बघून घ्या. चारही हायड्रोफोन एकत्र बांधून पाण्यात सोडा, शेजारी दोन दगड आपटा आणि लाट मोठी करून पाहा. पहिला झटका चारही चॅनेलवर एकाच दिशेला हवा. एखाद्यावर तो उलटा असेल तर त्या केबलच्या तारा उलट जोडल्या आहेत. सॉफ्टवेअरमध्ये त्या चॅनेलला उणे एकने गुणलं की काम झालं. हे राहून गेलं तर सॉफ्टवेअर शेजारचं शिखर उचलतं आणि उत्तर अर्ध्या लहरीने घसरतं. १ किलोहर्ट्झच्या आवाजाला ही घसरण ७७ सेंटिमीटरची असते.

दुसरी: अशक्य वेळफरक

कागद-पेन्सिलची तपासणी आहे आणि बरेच जण ती टाळून थेट अल्गोरिदम बदलायला जातात. दोन हायड्रोफोनमधल्या अंतराला ध्वनिवेगाने भागा. आलेल्या उत्तरापेक्षा जास्त वेळफरक त्या जोडीत असूच शकत नाही. २ मीटर अंतराला तो १.३० मिलिसेकंद, म्हणजे ९६ किलोहर्ट्झवर सुमारे १२५ सॅम्पल. तुमच्या नोंदीत १८० सॅम्पलचा फरक येत असेल तर तो आवाज थेट आलेला नाही, किंवा घड्याळं जुळलेली नाहीत, किंवा भरलेलं अंतर चुकलंय. मर्यादा एक-दोन टक्क्यांनीच ओलांडली जात असेल तर ध्वनिवेगावर संशय घ्या. सहाही जोड्यांची कमाल मर्यादा एका तक्त्यात लिहून ठेवा.

दुसरं गणित त्रिकोणाचं. पहिल्या-दुसऱ्यातला वेळफरक अधिक दुसऱ्या-तिसऱ्यातला, ही बेरीज पहिल्या-तिसऱ्यातल्या फरकाइतकी यायला हवी. एक-दोन सॅम्पल इकडेतिकडे चालेल. बेरीज जुळत नसेल तर तीनपैकी एका जोडीत चुकीचं शिखर उचललं गेलंय, आणि कोणत्या ते बाकीचे त्रिकोण सांगतात. मात्र एक पळवाट लक्षात ठेवा: एखादं चॅनेल कायमच अर्धा मिलिसेकंद मागे असेल तर बेरजेत तो उशीर कटून जातो आणि त्रिकोण निर्दोष दिसतो. त्रिकोण जुळला म्हणून चॅनेल निर्दोष ठरत नाही. त्यासाठी पुढे गठ्ठा चाचणी आहे.

तिसरी: विजेची गुणगुण

५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतली, म्हणजे १००, १५० हर्ट्झची गुणगुण चारही चॅनेलवर एकाच क्षणी येते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती शून्य वेळफरकाने आलेली असते, म्हणून ठिपका मधोमध चिकटतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, रेकॉर्डर बॅटरीवर घ्या आणि पुन्हा नोंदवा. ठिपका सुटला तर कारण सापडलं. केबलचं शिल्ड (आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण) एकाच टोकाला, एकाच बिंदूपाशी जोडा. फिल्टरने ५० हर्ट्झ कापता येतं, पण मूळ गुणगुण मोठी असेल तर रेकॉर्डरची क्षमता तिच्यातच खर्च होते आणि बारीक आवाज तळाला जातो. धक्क्यावर २३० व्होल्टची एक्स्टेन्शन ओढून पाण्यातल्या केबलींच्या शेजारी काम करणं हा जिवाशी खेळ आहे. १२ व्होल्टची बॅटरी पुरते.

चौथी: ध्वनिवेग

सॉफ्टवेअरमध्ये १५०० भरलेलं असतं आणि तसंच राहतं. कोकणात ते उन्हाळ्यातही चुकतं आणि पावसाळ्यात वेगळ्या तऱ्हेने चुकतं.

२८ अंश, ३५ क्षारता: १५४१
२८ अंश, २० क्षारता: १५२५
२८ अंश, ५ क्षारता: १५०९
२५ अंश, ३५ क्षारता: १५३४
२५ अंश, गोडं पाणी: १४९६

या तापमानाच्या आसपास एका अंशाला सव्वादोन मीटर आणि क्षारतेच्या एका एककाला एक मीटरहून किंचित जास्त, एवढं ध्यानात ठेवलं तरी भागतं. खोलीचा परिणाम १० मीटरला १६ सेंटिमीटर, म्हणजे सोडून देण्यासारखा.

खरा वेग १५४१ आणि भरलेला १५०० असेल तर मांडणीच्या बरोबर समोरचा आवाज अचूक येतो, ६० अंश बाजूचा अडीच अंशांनी चुकतो आणि ८० अंशांवरचा साडेसहा अंशांनी. म्हणून धक्क्यावरून सरळ समोर केलेली चाचणी या दोषाला पकडत नाही. चाचणी बाजूला जाऊनच करा.

तापमानासाठी साधा जलरोधक थर्मामीटर बस होतो. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. तो कोळंबी प्रकल्पवाल्यांकडे असतो आणि विकतही फार महाग नाही. बादली वरून भरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीत वर नदीचं गोडं पाणी आणि खाली खारं, असे दोन थर असतात, त्यामुळे वरच्या बादलीचा आकडा हायड्रोफोनच्या खोलीला लागू पडत नाही. झाकणाला दोरी बांधलेली जड बाटली खाली सोडून तिथलं पाणी आणा. थर फार ठळक असले तर आवाज वाकून येतो आणि एकच वेग धरून काढलेलं उत्तर चुकणारच. अशा दिवशी भरतीच्या अखेरीला, खारं पाणी आत भरलेलं असताना नोंद घेतलेली बरी.

पाचवी: बुडबुडे, चौकट, दोर

कोरडा हायड्रोफोन पाण्यात टाकला की त्याच्या अंगाला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात. हवा आणि पाणी यांच्या सीमेवरून आवाज परततो, म्हणून हायड्रोफोनची संवेदनशीलता आणि फेज (लाट वेळेत किती पुढे-मागे आहे ते) दोन्ही बदलतात, आणि बुडबुडे सुटत जातील तशी पुन्हा बदलतात. सोडण्याआधी बोटावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन डोकं चोळा, विसळा, पाण्यात बोटाने एकदा पुसा. पाच मिनिटं थांबा, मग नोंद सुरू करा. दीर्घकाळ ठेवलेल्या हायड्रोफोनवर शेवाळ आणि बार्नेकल धरतात. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, सुरीने नको.

पीव्हीसी पाइपची चौकट स्वस्त पडते, पण तोंडं बंद करून आत हवा ठेवली तर ती चौकट हायड्रोफोनच्या शेजारी उभा केलेला ध्वनीचा आरसा होते. पाइपला दर वीतभर अंतरावर भोकं पाडा, म्हणजे आत पाणी भरेल. चौकट तरंगत नाही म्हणून तक्रार करू नका, ती बुडायलाच हवी. वर ठेवायला बोया आहे. हायड्रोफोन पाइपला घट्ट आवळू नका, २०-३० सेंटिमीटर बाजूला रबरी दोरीवर टांगा. ताणलेला दोर प्रवाहात थरथरतो आणि ती थरथर खालच्या पट्टीत चारही चॅनेलवर उतरते.

सहावी: हायड्रोफोन खरंच तिथे आहे का?

सॉफ्टवेअर तुम्ही भरलेल्या जागा खऱ्या मानतं. १० मीटर दोरीला वजन कमी पडलं आणि प्रवाहाने ती १० अंश कलली की टोक १.७ मीटर सरकतं, आणि सेंटिमीटरमध्ये मोजलेली बाकी सगळी मेहनत वाया. चौकटीवरची अंतरं टेपने मोजा: चारही बाजू आणि दोन्ही कर्ण. कर्ण मोजले नाहीत तर चौकोन तिरका झालेला कळत नाही. मोजमाप हायड्रोफोनच्या डोक्याच्या मध्यापासून घ्या, केबलच्या गाठीपासून नव्हे.

वेगवेगळे टाकलेले हायड्रोफोन मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवले असतील तर त्यांच्या जागा तीन ते पाच मीटरने चुकलेल्या आहेत असं धरूनच चाला. शिवाय होडीवरून वजन टाकलं ती जागा आणि ते तळाला टेकलं ती जागा एक नसते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची पातळी साडेतीन-चार मीटर हलते, त्यामुळे बोयाखाली लटकवलेला हायड्रोफोन दिवसभरात वेगवेगळ्या ठिकाणी असतो. अशी कामं भांगाच्या दिवसांत, पाणी थांबलेल्या तासाभरात करा आणि दोर तळाकडून वर ताणलेला ठेवा: खाली वजन, वर पाण्याखाली राहणारा छोटा फ्लोट, मध्ये हायड्रोफोन.

चारही हायड्रोफोन एकाच सपाटीत असतील तर आवाज वरून आला की खालून, हे गणिताला कळत नाही. सरळ रेषेत असतील तर डावं-उजवं कळत नाही. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. एक हायड्रोफोन रेषेबाहेर आणि एक मीटरभर वेगळ्या खोलीवर घ्या.

सातवी: शिखर कोणतं उचललं जातंय

क्रॉस-कोरिलेशनचा (एक नोंद दुसरीवर सरकवत जुळणी मोजण्याचा) आलेख उघडून डोळ्यांनी पाहा. नुसता आकडा घेऊ नका.

उथळ पाण्यात थेट आवाजापाठोपाठ पृष्ठभागावरून आणि तळावरून परतलेला आवाज येतो. आवाज ३ मीटर खोल, हायड्रोफोन ५ मीटर खोल आणि मध्ये ५० मीटर अंतर असेल तर पृष्ठभागावरून आलेला ०.४ मिलिसेकंदांनी मागून येतो. टकटकीसारखा आखूड आवाज असेल तर दोन शिखरं सुटी दिसतात. तेव्हा सगळ्यात उंच नव्हे, सगळ्यात आधीचं पोचणं धरा. पृष्ठभागावरून आलेली लाट उलटी असते, ही तिची खूण. इंजिनासारख्या सलग आवाजात मात्र सगळं एकमेकांत मिसळतं. तिथे मांडणी पृष्ठभाग आणि तळ या दोन्हींपासून शक्य तितकी लांब, म्हणजे मधल्या खोलीवर ठेवणं एवढाच स्वस्त उपाय.

एकसुरी आवाज फसवा. ३०० हर्ट्झच्या सुराची एक लहर ३.३ मिलिसेकंदांची. हायड्रोफोन १० मीटरवर असतील तर शक्य वेळफरकाच्या पट्ट्यात तीन-चार सारखीच शिखरं बसतात आणि सॉफ्टवेअर दर वेळी त्यांतलं वेगळं उचलतं. ठिपका उड्या मारतो तो इथे. इंजिनाच्या आवाजाचा रुंद पट्टा घ्या, साधारण १०० ते १५०० हर्ट्झ, आणि खिडकी अर्ध्या ते एका सेकंदाची. पीएचएटी (फक्त फेजवर चालणारं कोरिलेशन) वापरत असाल तर तेही याच पट्ट्यापुरतं लावा. ही पद्धत प्रत्येक वारंवारितेला समान वजन देते; जिथे आवाजच नाही, नुसती सळसळ आहे, त्या पट्ट्यालाही. पूर्ण ४८ किलोहर्ट्झपर्यंत मोकळी सोडली तर होडी हरवते.

आणि कोळंबी. उष्ण उथळ पाण्यात एक नांगी मोठी असलेली स्नॅपिंग श्रिम्प चटके मारत असते, आणि कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज रात्रंदिवस येतो. २ किलोहर्ट्झच्या वर बहुतेक वेळा तिचंच राज्य. प्रत्येक चटका खरा आवाज असतो आणि त्याची जागाही खरी असते, फक्त तुम्हाला ती नको असते. होडीसाठी २ किलोहर्ट्झखाली राहा. डॉल्फिनच्या शिळेसाठी वर जावंच लागतं. तेव्हा नेहमीच्या पातळीच्या पाचपट उंच जाणारे चटके शून्य करून टाका आणि मग कोरिलेशन काढा. कुठलाही फिल्टर लावाल तो चारही चॅनेलना तंतोतंत सारखा. जाता जाता: किनाऱ्यावरच्या फिनलेस पॉरपॉइजचे (डॉल्फिनसारखा छोटा सस्तन प्राणी) क्लिक १०० किलोहर्ट्झच्या वरचे असतात, ९६ किलोहर्ट्झचा रेकॉर्डर ते टिपूच शकत नाही. ते सापडत नाहीत म्हणून हायड्रोफोन बदलू नका.

आठवी: घड्याळं

एकाच रेकॉर्डरवर चारही चॅनेल असतील तर ही पायरी सोडा. दोन स्टिरिओ यूएसबी कार्ड जोडून चार चॅनेल केले असतील तर सोडू नका, त्यांची घड्याळं वेगळी आहेत आणि दर वेळी सुरू होण्यातला फरकही वेगळा येतो.

घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० धरली तर तासाला ७२ मिलिसेकंद, अंतरात १११ मीटर. दहा लाखांत एक अशी चांगली घड्याळं घेतली तरी तासाला साडेपाच मीटर. सोडण्याआधी आणि काढल्यावर सगळे रेकॉर्डर एकत्र ठेवून त्यांच्याजवळ पाच-सहा वेळा ठोके द्या, दोन्ही वेळचा फरक काढा आणि मधल्या काळात तो सरळ रेषेत वाटा. उन्हात तापलेला रेकॉर्डर पाण्यात गेला की क्रिस्टलची गती बदलते, म्हणून पहिले ठोके तो अर्धा तास पाण्यात राहिल्यावर पाण्यातच द्या, आणि शेवटचेही काढण्याआधी. लांब टाकलेल्यांसाठी हे जमत नसेल तर होडीवरून प्रत्येकाच्या डोक्यावर थांबून ठोका द्या. दर सेकंदाला जीपीएसचा ठोका एका चॅनेलवर नोंदवणारे रेकॉर्डर मिळतात. कायमची मांडणी असेल तर तेवढा खर्च करावाच.

नववी: गठ्ठा चाचणी आणि अदलाबदल

एवढं करूनही चूक उरली तर हायड्रोफोनकडे वळा, त्याआधी नाही.

चारही हायड्रोफोनची डोकी एकमेकांना लागून बांधा आणि धक्क्यावरून ३-४ मीटर खाली सोडा. डोकी ५ सेंटिमीटरच्या आत असतील तर खरा वेळफरक तीन सॅम्पलपेक्षा जास्त येऊच शकत नाही. मग दोन प्रकारचे आवाज करा: दगडांची टकटक, आणि जवळून जाणारी होडी किंवा पाण्यात अर्धवट बुडवून ठोकलेला लोखंडी पाइप. गठ्ठा अर्धा वळसा फिरवून पुन्हा करा. दोन्हींची सरासरी घेतली की डोक्यांमधलं अंतर कटून जातं. उरलेला फरक त्या चॅनेलचा स्वतःचा उशीर. तो दोन्ही आवाजांना सारखा असेल तर आनंदच, सॉफ्टवेअरमध्ये वजा करा आणि पुढे चला. फरक पहिल्या चॅनेलपासून चौथ्यापर्यंत समान पायऱ्यांनी वाढत असेल तर तुमचं डेटा कार्ड एकाच कन्व्हर्टरवर चॅनेल आळीपाळीने वाचतंय. तेही वजा करता येतं.

टकटक बरोबर आणि होडी चुकीची, असं झालं तर केबल अदलाबदल करा. दोष हायड्रोफोनबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेला तर हायड्रोफोन किंवा त्याची केबल. चॅनेलवरच राहिला तर प्रीअँप (हायड्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारं मंडळ) किंवा रेकॉर्डर.

दहावी: पाणी शिरलेली केबल

हा दोष नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण हायड्रोफोन मरत नाही. तो ऐकतो, फक्त वेळ चुकीची सांगतो.

पिझो हायड्रोफोन म्हणजे विजेच्या भाषेत एक कपॅसिटर, समजा १० नॅनोफॅरड. प्रीअँप कोरड्या टोकाला असेल आणि त्याचा इनपुट रोध १० मेगओहम असेल तर ही जोडी १.६ हर्ट्झच्या खालचं कापते, म्हणजे आपल्या कामाला काहीच अडथळा नाही. आता कनेक्टरमध्ये खारं पाणी गेलं आणि गळतीचा रोध २०० किलोओहमवर आला. कापण्याची सीमा १.६ वरून ८१ हर्ट्झवर चढते. १०० हर्ट्झच्या आवाजाची पातळी जेमतेम सव्वादोन डेसिबल उतरते, जी कुणाच्या कानाला कळणार नाही. पण त्याची फेज ३८ अंश पुढे सरकते: सुमारे १.०६ मिलिसेकंद, अंतरात १.६ मीटर. २ मीटरच्या चौकटीवर १.६ मीटरची चूक! त्याच केबलवर १ किलोहर्ट्झची चूक फक्त २ सेंटिमीटर असते, म्हणून टकटक बरोबर येते आणि होडी चुकते. केबल वाळली की दोष जातो, पुन्हा भिजली की येतो, आणि धक्क्यावर आणून तपासलं तर सगळं ठीक दिसतं.

मोजणी अशी करा. हायड्रोफोन प्रीअँपपासून सोडवा. कनेक्टर कोरडा ठेवून बाकी सगळं खाऱ्या पाण्याच्या बादलीत तासभर भिजवा. मल्टिमीटर सर्वांत वरच्या रोधाच्या रेंजवर ठेवून आतली तार आणि शिल्ड, मग आतली तार आणि बादलीतलं पाणी, असं मोजा. साध्या मीटरने रेंजबाहेर दाखवायला हवं. २० मेगओहमच्या खाली संशय, १ मेगओहमच्या खाली ती केबल बाद. कुठे गळतंय ते शोधायला केबल दोन-दोन मीटर करत बादलीत उतरवा. आकडा पडला त्या टप्प्यात भोक. वायरमनचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावू नका. आत प्रीअँप असलेला हायड्रोफोन त्याने जागीच जातो.

कनेक्टर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि हेअर ड्रायर मंद ठेवून वाळवा. खारं पाणी नुसतं वाळवलं तर मीठ मागे राहतं आणि दमट हवेत ते पुन्हा वीज वाहतं. ड्रायर डोक्याकडे नेऊ नका, पिझोला उष्णता सोसत नाही. मधल्या कापाला आत गोंद असलेली हीट-श्रिंक, वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप. साधी काळी पीव्हीसी टेप एका भरतीपुरतीही धड टिकत नाही.

अकरावी: माहीत असलेल्या जागेवरून आवाज

सगळं दुरुस्त झाल्यावर खरी परीक्षा. होडीने मांडणीभोवती ३० मीटरच्या वर्तुळावर आठ जागी थांबा, प्रत्येक जागी पाण्यात दगड आपटा आणि जागा जीपीएसपेक्षा धक्क्यावरून दोरीने किंवा लेझर अंतरमापकाने मोजा. आठही ठिकाणी चूक एकाच दिशेला असेल तर चौकट फिरलेली किंवा सरकलेली आहे. बाजूंना वाढत जात असेल तर ध्वनिवेग. एकाच चतकोरात असेल तर त्या बाजूला भिंत, खांब किंवा होडीचा तळ आवाज परतवतोय. या नोंदींवरून उलट गणित करून हायड्रोफोनच्या जागा सुधारताही येतात.

मोठ्या कामातही हेच करतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्जेंटिनाची सान हुआन पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हा अणुचाचणीबंदी कराराच्या यंत्रणेच्या असेन्शन आणि क्रोझे बेटांजवळच्या हायड्रोफोन केंद्रांवर एक आवाज नोंदला गेला होता. काढलेली जागा कितपत भरवशाची हे पाहायला १ डिसेंबरला त्याच भागात विमानातून स्फोटक टाकून ज्ञात जागेचा आवाज मुद्दाम केला गेला. पाणबुडीचे अवशेष पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे ९०० मीटर खोलीवर सापडले.

कुठे थांबायचं

अंतर उड्या मारतंय आणि दिशा स्थिर आहे, तर दुरुस्ती थांबवा. एका रेषेत १० मीटर अंतराने तीन हायड्रोफोन असले तर १०० मीटरवरच्या आवाजाच्या लाटेचा बाक दोन्ही टोकांचा मिळून १ मीटरचा असतो. ५ सेंटिमीटरच्या चुकीने अंतरात ५ मीटरचा फरक पडतो. ५०० मीटरवर तोच बाक २० सेंटिमीटरचा उरतो आणि तेवढ्याच चुकीने अंतर १२५ मीटरने हलतं. मांडणीच्या रुंदीच्या पाच-सहापटीपलीकडे फक्त दिशा सांगा. अंतर हवंच असेल तर हायड्रोफोन एकमेकांपासून लांब न्या, किंवा दुसरी मांडणी लावून दोन दिशा छेदू द्या.

हायड्रोफोनच्या साच्यातल्या डोक्यातच पाणी शिरलं असेल तर ते कापून उघडू नका, उत्पादकाकडे पाठवा. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये अहवालात द्यायची असेल तर घरगुती तुलना पुरत नाही, कॅलिब्रेशन हवं. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत त्यासाठी ध्वनी चाचणी सुविधा आहे. तळाचं वजन गाळात किंवा जाळ्यात अडकलं तर स्वतः बुडी मारू नका. खाडीत हातभर पुढचं दिसत नाही आणि तुटकी जाळी पाण्यात सैल पडलेली असतात. प्रशिक्षित पाणबुड्या बोलवा, नाहीतर वजन सोडून द्या. बंदराच्या किंवा नौदलाच्या हद्दीत काहीही सोडण्याआधी लेखी परवानगी घ्या. आणि बुडालेली होडी किंवा माणूस शोधायचं काम असेल तर या मांडणीच्या ठिपक्यावर शोधपथक पाठवू नका, तटरक्षक दलाला कळवा.

तज्ज्ञाकडे जाताना मूळ डब्ल्यूएव्ही फाइल, हायड्रोफोनच्या मोजलेल्या जागा आणि कर्ण, पाण्याचं तापमान व क्षारता कोणत्या खोलीवरची ते, प्रत्येक केबलचा भिजवून मोजलेला रोध आणि गठ्ठा चाचणीचे आकडे न्या. फिल्टर लावलेली किंवा एमपी३ केलेली फाइल देऊ नका, तिच्यातून वेळेचा दोष शोधता येत नाही.